‘डीसीवर सगळं होतं’ हे खरं नाही

बुऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या वर्कशॉपांत एक समजूत इतकी घट्ट बसली आहे की तिला कोणी प्रश्नच विचारत नाही. टिग वेल्डिंग, म्हणजे आपल्याकडच्या बोलण्यातलं ‘आर्गन वेल्डिंग’, याला लागतं काय? एक सिलिंडर, एक इन्व्हर्टर मशीन आणि स्थिर हात. करंट एसी घ्यायचा की डीसी, टॉर्च प्लसवर लावायचा की मायनसवर, हे सगळे पुस्तकातले चोचले. हात बसला की लोखंड जुळतं, स्टील जुळतं आणि अ‍ॅल्युमिनियमही जुळतं. नाही जुळलं तर अँपिअर वाढवा. तरी नाही जुळलं तर कारागीर कच्चा.

ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यामुळे रोज नुकसान होतं. गिऱ्हाइकाचा पैसा जातो, दुरुस्त होण्यासारखा जॉब भंगारात जातो आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शिकाऊ पोराचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जातो. करंटचा प्रकार आणि पोलॅरिटी या गोष्टी सवयीवर ठरत नाहीत, मशीनच्या किमतीवर ठरत नाहीत आणि हाताच्या सफाईवर तर अजिबातच ठरत नाहीत. धातू कोणता, त्याच्या अंगावर ऑक्साइडचा कसला थर आहे आणि तो थर वितळलेल्या धातूत मुरतो की नाही, यावर त्या ठरतात. हे मला इथे एकेका मुद्द्यानिशी दाखवायचं आहे.

वाद लालबागचाच का, तर इथे येणाऱ्या कामांमुळे. १९०६ साली सुरू झालेली ताप्ती मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली, पण बुऱ्हाणपूरचे पॉवरलूम आणि सायझिंग चालू आहेत. सायझिंगच्या खळीच्या पेट्या आणि सुकवणीचे सिलिंडर स्टेनलेस स्टीलचे. लूमचे भाग बिडाचे. केळीचे चिप्स तळणाऱ्यांच्या कढया आणि चाळण्या स्टीलच्या. दूधवाल्यांचे जुने कॅन अ‍ॅल्युमिनियमचे, मोटारसायकलचे क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचे, शेतातल्या पंपाचे इम्पेलर कधी बिडाचे तर कधी ब्राँझचे. एकाच दारात दिवसभरात चार धातू येऊन पडतात. जिथे फक्त पाइपच जुळवायचे असतात तिथे एक सेटिंग जन्मभर पुरेल. इथे ते संध्याकाळपर्यंतही पुरत नाही.

आधी प्लसचा घोळ सोडवू. रॉडवर वर्षानुवर्षं काम केलेला मिस्त्री टिगकडे वळला की पहिला सल्ला देतो, “टॉर्च प्लसवर घे, म्हणजे आत शिरेल.” त्याचा अनुभव खोटा नाही. ७०१८ सारखा रॉड डीसीवर घेतला तर प्लसवरच चालवायचा असतो, आणि रॉडच्या वेल्डिंगमध्ये होल्डर प्लसवर असला की धातू खोलवर वितळतो. पण तो नियम रॉडचा आहे. टिगला तो लावला की नेमकं उलटं घडतं.

कारण साधं आहे. रॉडचं टोक पोलादाचं. इलेक्ट्रॉन सहज सुटावेत इतकं तापण्याआधीच ते वितळून गळतं. टंगस्टन वितळतो ३,४२२ अंश सेल्सिअसला. तो घन राहूनच पांढराशुभ्र तापतो आणि त्या टोकातून इलेक्ट्रॉन धो धो सुटतात. टॉर्च मायनसवर असला की हे इलेक्ट्रॉन टंगस्टनमधून निघून जॉबवर आदळतात आणि आपल्याजवळची उष्णता तिथे उतरवतात. टंगस्टनमधून सुटताना तर ते त्याचीच थोडी उष्णता घेऊन निघतात, म्हणजे टोक थंड ठेवायलाही मदत करतात. ढोबळ हिशेब असा की आर्कच्या उष्णतेचा सुमारे ७० टक्के वाटा जॉबवर पडतो आणि ३० टक्के टंगस्टनवर. टॉर्च प्लसवर घेतला की हा वाटा उलटतो. जॉब कोमट राहतो आणि टंगस्टन भाजतो.

याचा पुरावा टंगस्टनच्या तक्त्यातच आहे. २.४ मिलिमीटरचा टंगस्टन मायनसवर १५० ते २५० अँपिअर झेपवतो. तोच प्लसवर १५ ते ३० अँपिअरला थकतो. १.६ मिलिमीटरचा मायनसवर ७० ते १५० आणि प्लसवर फक्त १० ते २०. प्लसवर सव्वाशे अँपिअर चालवायचे तर ६.४ मिलिमीटर जाडीचा टंगस्टन लागेल, म्हणजे जवळपास पेन्सिलीएवढा. आता सांगा, २.४ च्या टंगस्टनवर प्लसमध्ये शंभर अँपिअर मारले तर काय होईल? अणकुचीदार घासलेलं टोक काही सेकंदांत गोल होतं, गोळी थरथरायला लागते, वाढते आणि टपकन धातूच्या पाण्यात पडते. आर्क वाऱ्यावर धरल्यासारखा इकडेतिकडे पळतो. जॉबवर पसरट, उथळ, फुगलेली रेघ उरते. आत पडलेला टंगस्टनचा कण तिथेच कडक खडा होऊन राहतो. एक्सरे काढला तर तो पांढरा ठिपका बनून दिसतो, आणि ताण आला की भेग तिथूनच सुरू होते. हे काम करणाऱ्याला आपण म्हणतो, “हात हलतोय तुझा.” हात हलत नव्हता. केबल चुकीच्या सॉकेटमध्ये होती.

ही चूक जगात पहिल्यांदा लालबागमध्ये झालेली नाही. टिगचा जन्मच तिच्यातून झाला. अमेरिकेतल्या नॉर्थरॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जुळवण्यासाठी टंगस्टन आणि हीलियमची ही पद्धत विकसित केली. पेटंट १९४२ चं. सुरुवातीला टंगस्टन प्लसवर होता. तो तापून त्याचे कण जोडात उतरायला लागले, तेव्हा त्याला मायनसवर नेलं. टंगस्टन वाचला, पण आता अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमसारखे धातू नीट जुळेनात. शेवटी एसी मशीनं आली आणि तो तिढा सुटला. म्हणजे ज्या तीन पायऱ्या चढायला त्या लोकांना प्रयोग करावे लागले, त्या आज आपल्या हातात आयत्या आहेत. तरी आपण पहिल्या पायरीवर उभं राहून शिकाऊ पोराला ओरडतो, हे मला पटत नाही.

आता मुख्य वाद. “मायनस तर मायनस. मग अ‍ॅल्युमिनियमही डीसी मायनसवरच होईल, एसीचं मशीन कशाला घ्यायचं?”

दुधाचा कॅन समोर धरा. गळ्याशी चीर गेलेली आहे. डीसी मायनसवर आर्क लावला, आर्गन सुरू आहे, अँपिअर पुरेसे आहेत. पृष्ठभाग करडा पडतो, सुरकुततो, पण चकाकत नाही. फिलर लावला तर तो वर गोळा होऊन बसतो, मिसळत नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे डोळ्याला काहीच कळत नाही. वाटतं, अजून तापलं नाही. पायाने पेडल थोडं आणखी दाबलं की सुरकुतलेली पिशवी एकदम खाली बसते आणि गळ्याला अंगठा जाईल एवढं भोक पडतं.

आत काय झालं? अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. त्याच्या अंगावरचा ऑक्साइड वितळतो २,०७२ अंशांना. मध्ये चौदाशे अंशांचं अंतर आहे. धातूचं पाणी कधीच झालं होतं, पण वर ऑक्साइडची न वितळलेली साय तशीच ताणलेली होती. तिने दोन कडांना एकमेकींत मिसळू दिलं नाही, फिलरला आत येऊ दिलं नाही. ती फाटेपर्यंत आतलं पाणी तिने धरून ठेवलं आणि फाटली तेव्हा सगळं एकदम गेलं. यात हाताचा काय दोष? जगातला सर्वांत स्थिर हात आणून ठेवा, ती साय त्याच्याही खाली तशीच राहील.

आता करंट एसी करा. एका अर्ध्या चक्रात टॉर्च मायनस असतो, तेव्हा जॉब तापतो. दुसऱ्या अर्ध्या चक्रात टॉर्च प्लस आणि जॉब मायनस होतो. त्या क्षणी इलेक्ट्रॉन जॉबमधून निघतात, आणि ते ऑक्साइडच्या थरातल्या लहान लहान बिंदूंतून उसळतात. ते बिंदू थरावर सैरावैरा धावत त्याला फोडत जातात. वरून आर्गनचे आयन त्याच थरावर येऊन आदळतात. आर्गनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३ हजार पट जड असतो. साय फुटते, उडते. पाण्याच्या दोन्ही बाजूंना दुधी पांढरा पट्टा उमटतो आणि मध्ये आरशासारखं चकाकणारं गोल पाणी दिसतं. त्यात फिलरचं टोक टेकवलं की ते लगेच ओढलं जातं. ज्याने हा बदल एकदा जवळून पाहिला, त्याला पुढचं व्याख्यान लागत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, “आम्ही अ‍ॅल्युमिनियम घासून पांढरं करतो, मग डीसीवर मारतो. साय राहतेच कुठे?” घासणं गरजेचंच आहे. स्टेनलेसचा वेगळा, फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेला ब्रश हवा, आधी तेल-ग्रीस पुसलेलं हवं, कारण ब्रश तेल काढत नाही, उलट पसरवतो. पण घासल्यामुळे जुना, जाड, ओलावा धरलेला थर जातो. नवा थर हवा लागताक्षणी पुन्हा धरतो. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण कौतुकाने म्हणतो, ते याच थरामुळे. जो थर भांड्याला वर्षानुवर्षं टिकवतो, तो तुमच्या ब्रशच्या चार फेऱ्यांनी कायमचा निघून जाईल ही अपेक्षा चुकीची आहे. घासणं ही तयारी झाली. साफसफाई आर्क चालू असतानाही चालू राहावी लागते, आणि आर्गनच्या वातावरणात ते काम जॉब मायनस असतानाच होतं.

मग आणखी एक आक्षेप आहे. तो मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो विचार करणाऱ्या माणसाकडून येतो. “ऑक्साइड धातूपेक्षा उशिरा वितळतो म्हणून एसी हवा, असं तुम्ही म्हणता. मग स्टेनलेसचं काय? त्याच्यावर क्रोमियमचा ऑक्साइड असतो, तो साधारण २,४०० अंशांना वितळतो आणि स्टील १,४५० च्या आत. टायटेनियमचं काय? ते १,६६८ ला वितळतं, त्याचा ऑक्साइड १,८०० च्या वर. तांबं १,०८५ ला, त्याचा तांबडा ऑक्साइड १,२०० च्या वर. हे सगळे डीसी मायनसवर उत्तम जुळतात. मग तुमचा नियम कुठे राहिला?”

नियम राहतो, फक्त त्याचा दुसरा अर्धा भाग सांगावा लागतो. प्रश्न नुसता ऑक्साइड कधी वितळतो एवढाच नाही. वितळलेला धातू त्याला आपल्यात घेतो का, हाही आहे. वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन थोडा तरी विरघळतो, शिवाय पोलादातलं सिलिकॉन आणि मँगनीज त्याला पकडतात. स्टेनलेसवरचा अतिशय पातळ थर त्या तापलेल्या पाण्यात फुटून विरून जातो. टायटेनियम तापलं की स्वतःच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन स्वतःच पिऊन टाकतं. म्हणून तर टायटेनियमला मागूनही आर्गनचं पांघरूण द्यावं लागतं, नाहीतर ते हवेतला ऑक्सिजन पिऊन ठिसूळ होतं. तांब्याचं पाणीही आपला ऑक्साइड विरघळवून घेतं. अ‍ॅल्युमिनियम यातलं काहीच करत नाही. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये ऑक्सिजन जवळजवळ विरघळतच नाही. त्याची साय त्याच्यात मुरत नाही, वितळत नाही, आपोआप बाजूलाही होत नाही. ती फोडावीच लागते. मॅग्नेशियमची गत तीच. म्हणून हे दोन धातू एसी मागतात आणि बाकीचे डीसी मायनसवर समाधानी असतात.

या नियमाची कसोटी पाहायची असेल तर अ‍ॅल्युमिनियम-ब्राँझचा इम्पेलर घ्या. तो रंगाने सोनेरी, हातात जड, पाहणारा सहज पितळ किंवा ब्राँझ म्हणून बाजूला ठेवेल आणि डीसीवर घेईल. त्यात तांबं बहुतांश, अ‍ॅल्युमिनियम साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. पण पाणी झालं की वर येतो तो अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड, आणि डीसीवर तोच सुरकुतलेला करडेपणा दिसू लागतो. म्हणून असा जॉब टिगने करायचा तर सहसा एसीच घेतात. शेजारीच ठेवलेला साधा, कथिलाच्या ब्राँझचा इम्पेलर मात्र डीसी मायनसवर व्यवस्थित होतो. दिसायला दोन्ही भाऊभाऊ. करंट ठरवला तो रंगाने नाही, वजनाने नाही. पृष्ठभागावरच्या थराने ठरवला.

आता उलट्या टोकाच्या लोकांशीही भांडायला हवं. एसी-डीसी मशीन आणलेले काहीजण म्हणतात, “महाग मशीन घेतलंय, आता सगळं एसीवरच मारायचं. साफही होतं आणि जुळतंही.” हेही तितकंच चूक. स्टेनलेसवर एसी लावला तर प्लसच्या प्रत्येक अर्ध्या चक्रात उष्णता जॉबऐवजी टंगस्टनवर जाते, टोक बोथट होतं, रेघ रुंद आणि उथळ होते, आणि फोडायला तिथे कसली हट्टी सायच नसते. स्टेनलेसला उष्णता अरुंद आणि मोजकी लागते, कारण त्याच्यातून ती हळू पसरते; उष्णतावाहकता १५ च्या आसपास, जिथे साध्या लोखंडाची ५० आणि तांब्याची ४०० आहे. जास्त वेळ तापलं की पत्रा वाकतो आणि जोडाच्या कडेला निळा-काळा रंग चढतो. सायझिंगच्या पेटीचा जोड बाहेरून कितीही सुबक असला तरी आतून आर्गन दिला नसेल, तर मुळाशी साखरेसारखा खडबडीत काळा थर बसतो आणि गंज तिथून धरतो. स्टेनलेसची खरी गरज ही आहे: टोकदार टंगस्टन, डीसी मायनस, कमी उष्णता आणि मागून गॅस. तांब्याला उलट जितकी मिळेल तितकी उष्णता जॉबवर हवी, म्हणून डीसी मायनस आणि आधी जॉब तापवून घेणं. पितळ डीसी मायनसवर घेता येतं, पण त्यातलं जस्त उकळून धूर होतो. तो धूर छातीत गेला तर ताप भरतो, त्यामुळे उघड्या हवेत काम करावं किंवा ते गॅसच्या ज्योतीने करावं. लूमचे बिडाचे भाग टिगने करायचेच झाले तर डीसी मायनस, निकेलचा फिलर, आधी सावकाश तापवणं आणि नंतर सावकाश थंड होऊ देणं.

एसीच्या बाबतीतही ‘एसी आहे ना, मग झालं’ एवढ्यावर भागत नाही. काही ठिकाणी रॉडचा जुना ट्रान्सफॉर्मर, जो मुळात एसीच देतो, त्यालाच टॉर्च जोडून अ‍ॅल्युमिनियम करून पाहतात. आपली वीज ५० सायकलची. म्हणजे करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि प्रत्येक वेळी आर्क विझू पाहतो. जॉब मायनस होतो त्या अर्ध्या चक्रात थंड, साय धरलेलं अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडायला नाखूश असतं, त्यामुळे नेमका साफ करणाराच अर्धा भाग बुडतो. म्हणून टिगच्या एसी मशीनला हाय फ्रिक्वेन्सीची जोड असते, आणि नव्या इन्व्हर्टर मशीनमध्ये करंट हळू उतरत-चढत नाही, झटक्यात बाजू बदलतो.

अशा मशीनवर ‘बॅलन्स’ नावाचं बटण असतं. त्याने ठरतं की चक्राचा किती भाग टॉर्च मायनस ठेवायचा आणि किती प्लस. स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमला साधारण ७० टक्के मायनस आणि ३० टक्के प्लस हे सुरुवात करायला चांगलं प्रमाण आहे. प्लस फार वाढवला तर पांढरा पट्टा रुंद होतो, पण टंगस्टन गोळा होतो. फार कमी केला तर पाण्यात काळे ठिपके तरंगतात. पण शेजारच्या दुकानदाराने “७० लावा” म्हणून सांगितलं की डोळे मिटून ७० लावू नका. काही मशीनं तिथे मायनसचा टक्का दाखवतात, काही साफसफाईचा, म्हणजे प्लसचा. एका मशीनवरचे ७० दुसऱ्या मशीनवर ३० असू शकतात. ज्याला नियमामागचं कारण माहीत आहे, तो दोन मिनिटांत टोकाकडे पाहून ओळखेल की आकडा उलटा आहे. ज्याला फक्त आकडा माहीत आहे, तो दिवसभर टंगस्टन घासत बसेल.

माझ्या विरोधात एक खरा मुद्दा उरतो, आणि तो मी मान्य करतो. अ‍ॅल्युमिनियम डीसी मायनसवर जुळूच शकत नाही, असं नाही. आर्गनऐवजी हीलियम घेतला, आर्क अगदी आखूड ठेवला, जॉब रसायनाने आणि ब्रशने निर्मळ केला, तर डीसी मायनसवर जाड अ‍ॅल्युमिनियम खोलवर जुळतं. हीलियमचा आर्क जास्त गरम असतो. बहुतेक वेळा हे काम टॉर्च यंत्रावर बसवून केलं जातं. पण हे उदाहरण देऊन “बघा, डीसीवर होतं” असं म्हणणाऱ्याने आपल्या कोपऱ्यातल्या सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचावं. त्यात आर्गन आहे. आणि समोरचा जॉब ऑइल मुरलेला क्रँककेस आहे, कारखान्यातून आलेली निर्मळ जाड प्लेट नाही. अपवाद जिथे लागू पडतो तिथेच तो सांगावा. तो सांगून रोजचा नियम मोडता येत नाही.

खर्चाचा मुद्दाही खरा आहे. एसी-डीसी मशीन साध्या डीसी मशीनपेक्षा बरंच महाग पडतं आणि लहान दुकानाला ते लगेच परवडेल असं नाही. पण म्हणून चुकीच्या करंटवर पैसे घेऊन काम करावं, हे उत्तर होऊ शकत नाही. ज्याच्याकडे एसी नाही, त्याच्यासाठी टिगच्या आधीचा रस्ता अजून शाबूत आहे: गॅसची ज्योत आणि अ‍ॅल्युमिनियमचा फ्लक्स. तिथे साय फोडण्याचं काम रसायन करतं. फक्त काम झाल्यावर तो फ्लक्स गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्ण धुवावा लागतो, कारण राहिला तर तोच जोड खाऊन टाकतो. ही जुनी पद्धतही माझाच मुद्दा सिद्ध करते. करंटने असो, रसायनाने असो, साय कोणीतरी काढावीच लागते.

शेवटचा बचाव अभिमानाचा असतो. “आमच्या उस्तादांनी पुस्तक न वाचता तीस वर्षं काम केलं.” त्या उस्तादांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी लोखंड आणि स्टील जन्मभर केलं, आणि त्या धातूंना डीसी मायनस बरोबरच होता. त्यांचा हात खरा, त्यांचं काम खरं. पण त्यावरून हात एकीकडे आणि कारण दुसरीकडे अशी फाळणी करणं या गावाला तरी शोभत नाही. याच लालबागला कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपणारं पाणी ओळखलं, आणि खोदणाऱ्यांनी कुंड्यांची रांग भुयाराने जोडत ते शहरापर्यंत आणलं. जमिनीचे थर वाचणारा आणि कुदळ चालवणारा, दोघांपैकी एक जरी नसता तरी पाणी आलं नसतं. वेल्डरने धातूचा थर वाचावा, ही मागणी कारागिरीचा अपमान कशी होईल?

आणि हे शिक्षण फार दूरचंही नाही. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे आणि त्यात टिगचा भाग आहे. पोरं तिथे एसी, डीसी, सरळ आणि उलटी पोलॅरिटी शिकून बाहेर पडतात. मग वर्कशॉपात येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं जातं, “ते शाळेतलं विसर.” यामुळे त्या पोराचं एक वर्ष वाया जातं आणि दुकानालाही जे फुकट मिळालं असतं ते मिळत नाही. विसरायला सांगण्याऐवजी त्याला विचारा की हा जॉब कशावर घेशील आणि का. उत्तर चुकलं तर तुमचा अनुभव आहेच.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. प्रत्येक टिग मशीनशेजारी भिंतीवर चार ओळी लिहून ठेवा. लोखंड, स्टेनलेस, बीड, तांबं, साधा ब्राँझ, निकेल, टायटेनियम: डीसी, टॉर्च मायनसवर. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम-ब्राँझ: एसी. टॉर्च प्लसवर, सलग: कधीच नाही, अतिशय पातळ पत्र्याच्या दुर्मीळ कामाशिवाय. रॉडवरून टिगवर येताना: आधी केबल तपासा. या चार ओळींना पैसे लागत नाहीत.

गिऱ्हाइकांनाही सांगायचं आहे. दुधाचा कॅन किंवा क्रँककेस दुरुस्तीला देताना विचारा, “एसीवर करणार का?” दुकानदार चिडला तरी विचारा. काळपट, भोकाभोकांचा जोड दिसायला वाईट असतोच, पण त्या भोकांत दूध साचतं, आंबतं आणि घासूनही निघत नाही. तुम्ही पैसे देता ते पुन्हा चीर जाण्यासाठी नाही. आणि ज्या दुकानदाराकडे एसी नाही त्याने “हे माझ्याकडे होत नाही, अमक्याकडे न्या” असं सरळ सांगावं. त्यात कमीपणा नाही. आपल्या मशीनची हद्द ओळखणारा माणूस गिऱ्हाईक गमावत नाही, पुढचं स्टीलचं काम तो त्याच्याचकडे घेऊन येतो.

राहिला शिकाऊ पोरगा. पुढच्या वेळी त्याच्या जोडात भोक पडलं, टंगस्टन गळला, रेघ काळी आली, तर त्याच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी मशीनकडे चालत जा. केबल कुठल्या सॉकेटमध्ये आहे पाहा, स्विच एसीवर आहे की डीसीवर पाहा, समोर धातू कोणता आहे ते पाहा. या तीन गोष्टी बरोबर असतील तरच त्याला रागवायचा अधिकार तुम्हाला आहे.